हळदीकुंकवाला न आलेल्या बायका

५ जानेवारी, सोमवार

स्नेहल आली. बेळगावपासनं स्कूटरवर, एकटी, पाठीवर हे एवढं ओझं. बसनं ये म्हटलं होतं तर म्हणते, "आज्जी, हेल्मेट हाय की." लेकीला फोन करून सांगितलं, तुझी पोरगी पोचली. लेक म्हणाली, आई, तिला जरा जेवाय घाल, खोलीवर नुसतं काहीबाही उकळून खाती. म्हणजे महिनाभर माझ्या वाटणीला आली. गुडघ्याचं दुखणं आज कुठं गेलं होतं कुणाला ठाऊक.

शिक्षण खात्याच्या हापिसात करारावर लागली हाय. काम काय विचारलं तर आधी कन्नडात सांगितलं, मग इंग्रजीत, मग म्हणाली, थांब आज्जी, सोपं करून सांगते. शाळांना मदत करायला जी माणसं फिरतात, त्यांची व्यवस्था खातं बदलणार. बदलायच्या आधी बघायचं, या बदलानं कुणाच्या पोरांचं नुकसान होतंय का. गरिबाचं, पोरींचं, मराठीवाल्यांचं, अपंगाचं. सगळ्यांना सारखं मिळतंय का.

मी म्हटलं, एवढं बघाय पगार देतात? हसली.

आमच्याकडं दोघी येतात. एक फिरत्या बाई, मराठी शाळांतनं फिरून मास्तरांना शिकवायचं कसं ते दाखवतात. दुसऱ्या बोटांच्या बाई, ज्या पोरांना ऐकू येत न्हाय त्यांना घरी येऊन बोटांनी शिकवतात. नावं मला म्हाईत न्हाईत, गावात असंच म्हणतात. आता मराठी आन् कन्नड शाळा एकत्र करून सगळ्यांना एकच फिरते सर. आन् बोटांच्या बाई गावात येणार न्हाईत, पोरांनीच निपाणीला जायचं.

"आपल्या गावात ऐकू न येणारं कोण हाय, आज्जी?"

म्हटलं, एकच. दुर्गाची आरती. आठ वर्षांची, लई गोड पोरगी, कानातलं घालायची हौस.

पिठलं-भाकरी केली. दोन भाकऱ्या खाल्ल्या स्ने. नं. लेकीला परत फोन करून सांगितलं.

८ जाने., गुरुवार

आज शाळंत मिटिंग. पालकांनी यावं म्हणून दवंडीसारखं सगळीकडं सांगितलं होतं, अकरा वाजता. स्ने. सकाळी साडी नेसली. माझीच, निळी काठाची. पदर सारखा घसरायचा, टाचण लावून दिली.

एक वाजता तोंड पाडून परत. "आज्जी, सगळे बाप्येच." डेअरीतले चार, दोन म्हातारे ऊन खात बसलेले, आन् शाळा कमिटीचे अध्यक्ष भूपालअण्णा. अण्णा भला माणूस. कन्नड, मराठी दोन्ही पाण्यासारखं बोलतो, बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पूजा केल्याशिवाय चहा घेत न्हाय. पण तो उठून म्हणाला, "ह्यात कुणाचीच काय अडचण न्हाय बघा मॅडम. साहेब करतील ते बरोबरच करतील." सगळ्यांनी माना हलवल्या, चहा घेतला, गेले.

बायका कशा येणार त्या वेळंला? अकराला निम्मं गाव निपाणीला तंबाखूच्या वखारीत, निम्मं शेतात. पोरांच्या दप्तरात काय हाय ते बायकांस्नी ठाऊक, आन् मिटिंगला बसले हे.

म्हशीनं आज दूध कमी दिलं. सून मंगल म्हणते थंडीमुळं.

१० जाने., शनिवार

मला सुचलं. म्हटलं, स्ने., संक्रांत आलीच. हळदीकुंकू ठेवूया घरात. हळदीकुंकू गावातली एकही बाई चुकवत न्हाय. ताप असला तरी येतात. मग विचार काय विचारायचं ते.

आधी हसली. मग हसायची थांबली. मग मला मिठीच मारली, हातातला चहा सांडला. "आज्जी, तू आमच्या हापिसात पायजे होतीस."

हळदीकुंकू अर्थात मंगलनं करायचं, सून हाय ना घरची. मंगल खूश. लगेच वाण काय द्यायचं यावर दोन तास. गेल्या वर्षी वाट्या झाल्या. सुनंदाआक्कानं, म्हणजे भूपालअण्णाच्या बायकोनं, डबे दिले होते, तिच्याहून कमी दिसायला नको. शेवटी चहाची गाळणी ठरली. स्टीलची.

१३ जाने., मंगळवार. भोगी.

बाजरीची भाकरी, तीळ लावून. भाजीत हरभरा, वांगं, गाजर, घेवडा, सगळं घरचं. स्ने. भाकरी थापायला बसली आन् भारताचा नकाशा केला. मंगल हसून हसून बाहेर गेली. स्ने. म्हणाली, "मामी, यात बेळगाव कुठं दाखवायचं ते तेवढं ठरवा." त्याच्यावर माझा लेक पण हसला, जो कधी हसत न्हाय.

फोनवर साहेबांना सांगितलं तिनं, शुक्रवारी बायकांशी बोलणं होणार. साहेब म्हणाले, छान.

१६ जाने., शुक्रवार

लई बायका आल्या. पाय ठेवाय जागा न्हाय, चपलांचा ढीग अंगणाच्या बाहेरपर्यंत. एवढं घर भरलेलं लेकीच्या लग्नानंतर आज बघितलं.

मी आत, तिळगुळाच्या डब्यापाशी. मालक गेल्यापासनं हळदीकुंकवाला मी बाहेर बसत न्हाय. सवय झाली, काय वाटत न्हाय. आतनं ऐकू सगळं येतं.

स्ने. नं विचारलं, फिरत्या बाई बदलल्या तर? एकदम कालवा. शेजारची एक म्हणाली, आमच्या पोराला जोडाक्षर येत नव्हतं, बाईनी नव्या मास्तरचा वर्ग आधी नुसता बघितला, मग त्याला समजावलं, पोरगं वाचाय लागलं. नुसतं कन्नड येणारे सर आले तर मराठीच्या वर्गात बसून काय करणार, घड्याळ बघणार? तिची जाऊ म्हणाली, चहा पिणार. हशा.

मग सुनंदाआक्का बोलली, तिचं पण खरं. "माझ्या नातीचं मराठी चांगलं हाय. कन्नडात ती कच्ची. पुढं हायस्कूल, कालेज, नोकरी, सगळं कन्नडात. कन्नडवाले सर आमच्या शाळंत आले तर बरंच की." दोघी-तिघींनी व्हय म्हटलं. स्ने. नं ते पण लिहून घेतलं. मला आवडलं. एकाचंच लिहून घेतलं असतं तर मग विचारायचं कशाला.

साहेबांना झालं म्हणून कळवलं, मग रात्री पाय चेपत होती माझे. म्हणाली, "आज्जी, आरतीची आई यातली कुठली?"

म्हटलं, ती न्हाय आली. कामावर गेली असंल.

तोंडातनं तसंच निघून गेलं.

गाळण्या उरल्या थोड्या.

१८ जाने., रविवार. अमावस्या.

गिरणीत दळण घेऊन गेले. दुर्गा होती, डोक्यावर पिठाची पाटी घ्यायच्या बेतात. रविवारी वखार बंद.

मी आपली सहज बोलले, "काय गं, शुक्रवारी दिसली न्हाईस. लवकर सुट्टी घेऊन यायचं. तुझ्या आरतीचंच बोलणं होतं."

तिनं पाटी खाली ठेवली. मग हळूच, गिरणीच्या आवाजात, म्हणाली, "आज्जी, मी कशी येणार हळदीकुंकवाला?"

दुर्गाचा नवरा दोन वर्सांखाली गेला. मयताला मी होते. तिच्याबरोबर रडले होते.

 तीच पुढं बोलली, राग न्हाय, काय न्हाय. "आरतीला निपाणीला न्या म्हणत्यात. कोण नेणार? मी गेले तर दिवस बुडतो, आन् मुकादम उद्या येऊ नको म्हणतो. सासूला बसमधी चढाय येत न्हाय. बाई दारात येतात म्हणून पोरगी शिकली. मला 'आई' म्हणती बोटांनी. आधी नुसती ओढायची पदर धरून." मग पाटी डोक्यावर घेतली आन् गेली.

घरी येऊन स्ने. ला सांगितलं. कपडे वाळत घालत होती, हातातला टॉवेल तसाच. "म्हणजे ज्यांचं नुकसान होतंय का ते बघायला मी निघाले, आन् त्यांनाच..." टॉवेल परत बादलीत टाकला.

मी म्हटलं, तुझं काय चुकलं, तू शहरातली. तुला कोण सांगणार. मी तर आतच बसले होते. मी सोता. भिंतीच्या ह्या बाजूला बसून मला वाटत होतं सगळं गाव आलंय.

मग आम्ही मोजत बसलो, आणखी कोण आलं नव्हतं. खालच्या गल्लीतली पारुबाई, ती एकटीच नातू सांभाळते. नवऱ्यानं टाकलेली कमल. मोमीनांची शमीम आन् तिच्या जावा, त्यांना कुणी बोलवलंच न्हाय. पलीकडच्या वस्तीवरच्या तर एकही न्हाय. ज्यांची पोरं शाळंत मागं पडतात, त्याच सगळ्या.

तरी गाळण्या उरल्या त्यावरनं कळायला हवं होतं.

२० जाने., मंगळवार

स्ने. नं साहेबांना फोन केला, बायकांचं बोलणं अपुरं हाय, परत करायचं हाय. साहेब म्हणाले, झालं म्हणून तुम्हीच कळवलं होतं. ती म्हणाली, चुकलं सर. आठ दिवस मिळाले.

तिला वाटलं घरोघर जावं. मी म्हटलं, घरी सासू बोलंल, सून न्हाय बोलायची. वखारीत जा. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या एका ओळीत बसतात, तिथं कोण सवाष्ण आन् कोण काय, कोण विचारत न्हाय. माझी थोरली नणंद जन्मभर तिथं होती, मला ठाऊक.

"तू येतीस?"

मला काय, मी तयारच होते.

२१ जाने., बुधवार

स्कूटरवर मागं बसून निपाणीला गेले. या वयात. हेल्मेट घालून. कोपऱ्यावर सुनंदाआक्का उभी होती, तिनं ओळखलंच न्हाय, मी हात केला तर दचकली.

वखारीत शिरलं की खोकलाच येतो. स्ने. ला इतका आला की डोळ्यांतनं पाणी. बायका हसल्या. एक म्हणाली, "मॅडम, आधी आमच्या नाकांची तपासणी करा, मग शाळंची." मुकादमानं आधी नको म्हटलं, मग स्ने. नं कन्नडात काय सांगितलं देव जाणे, जेवणाच्या सुट्टीपुरतं बसा म्हणाला.

शमीमनं मला बघितलं आन् मोठ्यांदा, "आज्जी, तुमच्याकडं गाळण्या वाटल्या म्हणं. आमच्या चहात पत्ती न्हाय पडत काय?"

सगळ्या खो-खो. मी पण. म्हटलं, हायत उरलेल्या, घरी ये, चहा पण देते.

मग बोलल्या. शमीमचं पोरगं घरी वेगळीच भाषा बोलतं, शाळंत मराठी, आता कन्नड. फिरत्या बाईनी त्याला पहिल्या बाकावर बसवायला सांगितलं तवापासनं शाळंला जातो म्हणतं. कमलला सरकारी कागद वाचून दाखवायला कुणी न्हाय, मिटिंगचं कळतच न्हाय. वस्तीवरची एक म्हणाली, आम्हाला कुणीच फिरतं माणूस कधी दिसलं न्हाय, तुम्ही कमी करणार म्हणजे काय कमी करणार? त्यावर स्ने. लिहायची थांबली. मग लिहिलं.

दुर्गा शेवटी बोलली. भाकरी हातात तशीच. जेवली न्हाय.

येताना मी स्ने. च्या पाठीवर हात ठेवून बसले. उसाच्या ट्रॉल्या पुढं, हळूहळू आलो.

२५ जाने., रविवार. रथसप्तमी.

अंगणात दूध उतू घातलं. मंगल सकाळपासनं काहीतरी मनात धरून होती. भांडी घासताना म्हणाली, "आत्या, पुढच्या वर्षी दुर्गाला पण बोलवूया का?"

म्हटलं, बोलव की.

"आन् कुंकू?"

मी तांब्या घासायला घेतला. मंगल परत म्हणाली, "आन् तुम्ही? बाहेर बसणार?"

बसेन का? कुणी लावायला आलं तर कपाळ पुढं करेन का? खरं लिहायचं तर ठाऊक न्हाय. शेजारच्या काय म्हणतील ते तर सोडाच, माझा हातच मागं येईल. पण मंगलनं विचारलं. आमच्या सासूबाईंना असं विचारायची माझी छाती न्हाय झाली.

शमीम आली दुपारी, गाळणी घेऊन गेली. चहा दोनदा झाला.

२७ जाने., मंगळवार

अहवाल झाला. हापिसाला कन्नडात, मला वाचून दाखवताना मराठीत. मी माळ बाजूला ठेवून ऐकलं. शाळा एकत्र केल्या तर काही पोरांना कन्नडाचा फायदा, ते लिहिलंय, सुनंदाआक्काचं. मराठी वर्गांसाठी मराठी येणारं माणूस पायजेच. बोटांच्या बाई घरी गेल्याच पायजेत, न्हायतर आरतीसारख्यांची शाळा बंद. वस्तीवर कुणी जातच न्हाय.

आन् एक ओळ अशी: पहिल्या दोन बैठकांत ज्यांना विचारायला हवं त्याच बायका आल्या न्हाईत, त्यातली दुसरी आम्हीच चुकीच्या ठिकाणी ठेवली.

म्हटलं, हे कशाला लिहितीस? आपलंच नाव खराब. नोकरी कराराची.

"आज्जी, हे न्हाय लिहिलं तर पुढच्या गावात दुसरं कुणीतरी परत हळदीकुंकूच ठेवंल."

मग म्हटलं, लिही. पण हळदीकुंकवाची कल्पना आज्जीची होती असं नको लिहू. हसली. लिहिलं न्हाय.

३० जाने., शुक्रवार

साहेबांनी निपाणीला बोलवून घेतलं. रागावले न्हाईत, उलट अहवाल चांगला हाय म्हणाले. पण दोन्ही ठेवता येणार न्हाईत म्हणं. एक काय ते ठेवू. फिरत्या मराठी बाई, न्हायतर बोटांच्या बाईंचं घरी येणं. कुठलं, ते तुम्हीच सुचवा. आठवड्यात.

येऊन जेवली न्हाय. पहिल्यांदाच.

मला विचारलं. मी पटकन म्हटलं, आरती. मग शाळंतली सगळी पोरं डोळ्यांपुढं आली, जोडाक्षरवालं ते पोरगं, शमीमचं पोरगं. 

संध्याकाळी दुर्गाकडं गेलो दोघी. स्ने. नं सरळ सांगितलं. दुर्गा चुलीपुढं होती. उठली न्हाय. म्हणाली, "शाळंत एवढी पोरं. माझी एकटीची पोरगी. मी कुठल्या तोंडानं माझीच मागू? द्या त्या पोरांस्नी."

बाहेर आल्यावर स्ने. म्हणाली, "बघ. जिच्याकडं एवढंसंच हाय, तिनंच सोडायचं." डोळे पुसले. मी बघितलं न्हाय असं केलं.

२ फेब्रु., सोमवार

स्ने. हापिसात. दिवसभर घर मोकळं मोकळं. मंगलनं शेंगदाण्याची चटणी कुटली, तिच्यासाठी डब्यात भरली. अजून जायला दिवस हायत, पण तयारी.

भूपालअण्णा येऊन गेला. वखारीचं त्याच्या कानावर आलं होतं. जरा ओशाळल्यागत बसला. "मी आपलं अडचण न्हाय म्हणून टाकलं, आज्जी. मला कुठं अडचण होती." मग म्हणाला, कमिटीचा ठराव करून देतो, दोन्ही पायजेत म्हणून. उपयोग व्हईल का? म्हटलं, मला काय विचारतोस, पण दे.

दिला त्यानं. कन्नडात, मराठीत, दोन्हीत.

५ फेब्रु., गुरुवार

आज गुरुवार, बोटांच्या बाईंचा. स्ने. म्हणाली, बघायला जाऊया. दुर्गा कामावर, सासू दारात शेंगा फोडत. बाई आन् आरती चटईवर समोरासमोर. आवाज काहीच न्हाय, नुसती बोटं. आरती मधीच हसली, बाई पण हसल्या, काय विनोद झाला आम्हाला कळला न्हाय. आम्हीच त्या घरात बहिऱ्या. मला 'पाणी' कसं म्हणायचं ते आरतीनं शिकवलं, माझं चुकलं, माझी बोटं धरून सरळ केली. कडक मास्तरीण हाय.

बाई जाताना सासूनं विचारलं, पुढच्या गुरुवारी? बाई स्ने. कडं बघून म्हणाल्या, मार्चपर्यंत तरी.

घरी आलो तर स्ने. चा फोन वाजला. हापिस. ती अंगणात गेली, तुळशीपाशी. मी दाराआड तांदूळ निवडत बसले, ऐकायला न्हाय, पण ऐकू आलं. ही पोरगी महिनाभर साहेबांशी बोलताना मी ऐकतेय, नुसतं "हौदु सर, हौदु सर." व्हयच्या पुढं गाडी न्हाय. आज आधी लांबपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इल्ला सर." न्हाय सर. हळू, पण म्हणाली. तिकडनं काहीतरी मोठं बोलणं आलं. ती परत, "इल्ला सर. एरडू बेकु." दोन्ही पायजेत.

मी निवडलेला खडा परत तांदळातच टाकला.

आत आली. कान लाल. काय झालं गं, विचारलं.

"वरच्या हापिसाला पाठवतो म्हणाले, आज्जी. बघूया. रागावल्यागत होते." मग पाटाकडं बघून, "भाकरी हाय काय? लई भूक लागली."

गरम टाकून दिली. दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी. लेकीला फोन करून सांगितलं.